तळ्यात ओतलेला गूळ खातं कोण?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत गूळ, साखर आणि निळं-हिरवं शेवाळ यांचा एकच घोळ आहे. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

भाताच्या खाचरात अझोला (पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं) सोडलाय. त्यातल्या शेवाळासाठी साखरपाणी शिंपडू का? (दापोली)

नको. पानाच्या पोकळीतल्या शेवाळाला अझोलाच साखर पुरवतो आणि त्याच्याकडून नत्र घेतो.

हे शेवाळ उन्हावर जगतं, मग साखर खातं कसं? (मालवण)

शेवाळ म्हणतो खरं, पण ते जिवाणूच. सगळ्या जाती साखर खात नाहीत. सिनेकोसिस्टिस या जातीच्या पेशीला ग्लुकोज आत घेणारं प्रथिन असतं. दिवसाकाठी काही मिनिटं उजेड मिळाला तरी तिचे काही वाण बाकी वेळ अंधारात ग्लुकोजवर वाढतात. सिनेकोकोकस इलाँगेटसला हे दारच नाही. प्रयोगशाळेत ते बसवलं, की तीही खाऊ लागते.

कोळंबीच्या तळ्याचं पाणी निळसर-हिरवं झालंय. शेजारी म्हणतात, संध्याकाळी गूळ घाला, शेवाळ मरतं. (श्रीवर्धन)

शेजाऱ्यांचं ऐकू नका. गुळावर आधी तुटून पडतात पाण्यातले इतर जिवाणू. वाढताना ते अमोनिया उचलतात, म्हणून बायोफ्लॉकवाले, म्हणजे तळ्यात जिवाणूंचे पुंजके मुद्दाम वाढवून मत्स्यशेती करणारे, गूळ किंवा मळी देतात. पण त्यांचे एरेटर (पाण्यात हवा खेळवणारी यंत्रं) रात्रंदिवस चालू असतात. हे जिवाणू प्राणवायूही ओढतात, आणि रात्री शेवाळही तेच करतं. अशाच एका तळ्यावर मी पहाटे पाचला उभा होतो. कोळंबी काठाला लागलेली, मिशा पाण्याबाहेर. बांधावरच्या बादलीत आदल्या संध्याकाळचा पाक अजून चिकटलेला होता. उजाडेपर्यंत निम्मी कोळंबी गेली. मालकाने आदल्या दिवशी एक फोन केला असता तर!

मोरचूदही टाकू नका. शेवाळ एकदम मरून कुजतं, प्राणवायू आणखी घटतो आणि विषारी जात असेल तर पेशींतलं विष पाण्यात उतरतं. आजच खाद्य कमी करा, कारण शेवाळाला नत्र आणि स्फुरद तिथूनच मिळतं. रात्री एरेटर चालू ठेवा, पहाटे प्राणवायू मोजा आणि पाण्याचा नमुना मत्स्यतज्ज्ञाला दाखवा. आठवडाभर वाट पाहू नका.

दुकानदाराने 'शेवाळ खाणाऱ्या जिवाणूं'ची बाटली दिलीय. गुळाच्या पाण्यात रात्रभर ठेवून ओतायची म्हणतो. (देवगड)

बाटलीवर जिवाणूचं नाव, संख्या आणि मुदत आहे का? नसेल तर परत करा. त्या बादलीत रात्रभरात काय वाढलं, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. नावं असली तरी आधी पाणी तपासून घ्या, मग तज्ज्ञाला विचारूनच वापरा.

घरच्या टाकीतल्या स्पिरुलिनाला (खाण्यासाठी वाढवतात ते निळं-हिरवं शेवाळ) साखर घातली तर? (अलिबाग)

भलतेच जिवाणू माजतील. आणि ती खाणार असाल, तर तपासणीशिवाय तोंडात घालू नका.