वाचक विचारतात : ट्रॉलीचा हब एसजीचाच घ्यावा काय?

प्रश्न : आमच्या ट्रॉलीनं कारखान्याला ऊस घालतोय. परवा भरल्या ट्रॉलीचं चाक खड्ड्यात आदळलं आणि हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे, सरळ दोन तुकडे. दुकानदार म्हणतोय एसजी नावाच्या लोखंडाचा घ्या, पण दर जास्त सांगतोय. खरंच फरक असतोय काय, का जुनाच वेल्डिंग करून चालवू?
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : दादा, वेल्डिंगचं पहिलं डोक्यातनं काढा. निकेल रॉडनं जोड बसतो, पण जोडाच्या कडेची पट्टी कडक होऊन ठिसूळ बनते, परत तिथंच तुटणार आणि त्यावेळी मागनं कोण येत असेल सांगता येत नाही.

फुटलेला तुकडा उजेडात धरा. आतनं काळपट करडा दिसला तर ते साधं ग्रे आयर्न, म्हणजे नेहमीचं ओतीव लोखंड. त्यात ग्राफाइट पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं, धक्का बसला की चीर एका पापुद्र्यावरनं दुसऱ्यावर पळते. एसजीत, म्हणजे स्फेरॉइडल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडात, तेच ग्राफाइट गोळ्या होऊन बसतं, चिरेला वाट मिळत नाही, म्हणून ते आधी ताणतं मग तुटतं. हे काम मॅग्नेशियमचं, 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांना सापडलेलं, आणि लागतं किती तर शेवटी लोखंडात 0.04 टक्क्याच्या आसपास.

पण हे मॅग्नेशियम वितळलेल्या लोखंडात फार वेळ थांबत नाही हो, उडून जातं, आणि मग ग्राफाइटच्या गोळ्या नीट होत नाहीत. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत मी कामाला होतो तिथं एकदा लाइन अडली, मॅग्नेशियम घातलेल्या वितळलेल्या लोखंडाचा लॅडल (ओतायचं भांडं) पंधरा मिनिटं तसाच, आणि सुपरवायझरनं तरी ओतायला लावलं. शेवटचे पीस हातोड्यानं वाजवले तर खणखण नाही, बद्द आवाज. तरी ते एसजी म्हणूनच गेले, अजून जीवाला लागतंय माझ्या. म्हणून नुसत्या नावावर पैसे मोजू नका, टेस्ट सर्टिफिकेट मागा, हब दोरीला टांगून वाजवून बघा, घंटेसारखा घुमला पाहिजे.

ग्रेड 450/10 मागा. पहिला आकडा ताकदीचा, मेगापास्कलमध्ये, दुसरा तुटायच्या आधी किमान किती टक्के ताणणार त्याचा. 700/2 ऐकायला भारी वाटतं पण ताण दोनच टक्के, खड्ड्याच्या रस्त्याला ते नको. ब्रेक ड्रम मात्र ग्रेचाच राहू दे, ब्रेकची उष्णता तो लवकर ओढून घेतो, तिथं एसजीला जादा पैसे घालू नका.