फिर्याद आहे, तक्रार कुठे आहे?

पुण्याच्या नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षा देणारे एक वाचक लिहितात: ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरण्याला बसलो, मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. आता निवड झाली आहे, चारित्र्य पडताळणी तोंडावर आली आहे. लोकअदालतीत दंड भरून मोकळा होऊ का? प्रत्येक भरतीनंतर हाच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत माझ्याकडे येतो.

नका भरू. दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आणि रक्कम पाचशे असली तरी कागदावर ती शिक्षाच.

संविधानाच्या कलम १९ वर (बोलण्याचं, शांततेने जमण्याचं स्वातंत्र्य) तुम्ही दोन पानं लिहिलीत, ती राहू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, म्हणजे सरकारी आदेश मोडणं (जुन्या दंड संहितेचं १८८), लावलं असेल, तर सगळं फौजदारी खटल्यांची रीत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ वर अडतं. ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने कोर्टाकडे लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. हवालदाराने ठाण्यात दिलेली फिर्याद म्हणजे ही तक्रार नव्हे. तिच्यावरून आलेलं दोषारोपपत्रही नव्हे. तक्रार असलीच तर तारीख बघा. घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला कोर्टाला पटेल असं कारण लागतं.

हे तुम्हाला कळणार कुठून? समन्स गावी आईने घेतलं, तुम्ही दोन तारखा चुकवल्या, दोषारोपपत्र अजून पाहिलेलं नाही. राज्यघटना पाठ असलेला माणूस स्वतःच्या खटल्याचा नंबर 'बहुतेक' लावून कळवतो! आधी वकील घेऊन शिवाजीनगर कोर्टात हजर व्हा, वॉरंट निघालं असेल तर रद्द करून घ्या आणि सगळ्या कागदांची नक्कल मागा.

सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ३७(३) (जमावबंदीचा आदेश) आणि १३५ (तो मोडल्याची शिक्षा) असतील, तर तिथे २१५ ची ढाल चालत नाही. मात्र असा आदेश शासनाच्या मंजुरीवाचून १५ दिवसांपुढे टिकत नाही. हे आदेश एकामागून एक निघत राहतात, म्हणून धरण्याच्या दिवशी कोणता लागू होता त्याचीही प्रत काढा. रस्ता अडवल्याचा आरोप असेल तर आत्ता मी काहीच ठाम बोलणार नाही. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या शाहीनबागच्या रस्त्यावरील धरण्याच्या प्रकरणात २०२० मध्ये म्हटलंय.

आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याच्या सरकारी घोषणेवर विसंबू नका, तिलाही शेवटी कोर्टाची परवानगी लागते. पडताळणीच्या फॉर्मात गुन्हा नंबरासकट लिहा. आणि नक्कल हातात आली की मला पाठवा, त्याआधी नको.