अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये पिचिंग कोच, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरांचा (पिचर्सचा) कोच व्हायचंय ना, मग हे वाच

अरे, स्वतः प्रो लेव्हलला खेळलेलंच असावं लागतं हे डोक्यातून काढ. पिचिंग कोच वेस जॉन्सनचंच बघ ना, आर्कान्सात हायस्कूलच्या पोरांना शिकवत सुरुवात केली, मग कॉलेजं, २०१८ च्या शेवटी मिनेसोटा ट्विन्स या प्रो टीमने त्याला थेट कॉलेजातून उचललं, २०२२ ला सीझन चालू असतानाच तो तिथून एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) आला आणि पुढच्याच वर्षी पिचर पॉल स्कीन्सवाल्या त्या टीमने कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय चॅम्पियनशिप मारली.

पहिला जॉब ज्युनियर कॉलेजचा (दोन वर्षांच्या कॉलेजचा) मिळाला तरी डोळे झाकून घे. पगार बेताचा, माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची मातीपण तूच ठोकणार, पण पिचर्स पूर्ण तुझ्या हातात. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, जुलै २०२३ पासून व्हॉलंटियर (बिनपगारी) कोच हा प्रकारच बंद झाला, फार बरं झालं, किती जण तिथे वर्षानुवर्षं फुकट राबलेत.

रॅप्सोडो, ट्रॅकमॅन ही बॉलचा वेग नि फिरकी मोजणारी यंत्रं शिकून घेच, त्याशिवाय आता कोणी उभं करत नाही. पण डोळा पोरावर ठेव. पाचव्या-सहाव्या इनिंगला फास्टबॉल (वेगवान बॉल) सतत वर सुटायला लागला, पोरगं दोन पिचमध्ये (टाकलेल्या दोन बॉलमध्ये) उगाच वेळ काढायला लागला की समज दमलाय, पिच काउंट (किती बॉल टाकले तो आकडा) काही का सांगेना. आणि 'हात कसा आहे' असं विचारू नकोस, ड्राफ्टच्या, म्हणजे प्रो टीम्स खेळाडू निवडतात त्या वर्षात सगळे 'मस्त' म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कोपर दुखलं का ते विचार, तिथे पोरगं खरं बोलतं.