'विजेचा धक्का लागून' कुणी मरत नाही

प्रश्न असा आलाय: मुलगा दहावीनंतर डिप्लोमाला जाणार, इलेक्ट्रिकल घ्यावं का इलेक्ट्रॉनिक्स यावर घरात वाद, मुलाच्या मामांचं म्हणणं दोन्ही एकच, शेवटी वायरीच जोडायच्या, तर या दोन्हींना मराठीत नीट वेगवेगळे शब्द आहेत का, आणि जाता जाता, शॉक 'लागतो' का 'बसतो'?

जाता जाता विचारलंय तोच खरा प्रश्न आहे. पण आधी पहिल्याचं उरकतो.

वीज, विद्युत, वि अधिक द्युत म्हणजे चमकणारी, त्याचं प्राकृतात विज्जु आणि मग वीज, हे सगळं शाळेत झालेलं आहे, सोडून देऊ. इलेक्ट्रिकल म्हणजे वीज ताकद म्हणून वापरायची: आणायची, वाटायची, मोटर फिरवायची, गीझर तापवायचा. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे तीच वीज चिमूटभर घ्यायची आणि तिच्याकडून हुकूम पाळून घ्यायचे, कधी वाहायचं, कधी थांबायचं, किती वाढायचं. १९०४ साली फ्लेमिंगने व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) केला आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर (वीज अडवणारा-वाढवणारा छोटासा भाग) झाला, तिथून हा संसार वेगळा झाला. मामांना एवढंच सांगा की साध्या आयटीआयमध्येसुद्धा वायरमन, इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे तीन वेगळे ट्रेड आहेत, आणि पटत नसेल तर बीएलडीसीचा (आत सर्किटचं कार्ड असलेला) नवीन पंखा बंद पडल्यावर नेहमीच्या वायरमनला बोलवा. जुन्या पंख्याचा कंडेन्सर तो स्टुलावर उभ्या उभ्या बदलून देतो, नव्याची टोपी खाली घेऊन आत बघतो आणि म्हणतो, "कार्ड गेलंय, हे आपल्याकडं नाही होत." इलेक्ट्रिकल कुठे संपतं आणि इलेक्ट्रॉनिक्स कुठे चालू होतं ते त्याला व्याख्येशिवाय ठाऊक असतं.

आता मराठी शब्द. इलेक्ट्रिकलला 'विद्युत' आहे, काही तक्रार नाही. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र आपल्या तंत्रनिकेतनांच्या पाट्यांवर काय लिहिलेलं असतं माहितीये? 'अणुविद्युत व दूरसंचार'. अणुविद्युत! तारापूरला १९६९ पासून जे चालू आहे त्यालाही आपण अणुविद्युत केंद्रच म्हणतो. म्हणजे एकाच शब्दात अणुभट्टीपण आणि रेडिओचं सर्किटपण, आणि पाटी वाचून एखाद्या बापाला वाटलं की मुलगा युरेनियम हाताळायला शिकणार तर त्याचं काय चुकलं? हा शब्द ज्या कुठल्या समितीने पास केला त्यातल्या एकानेही तो मोठ्याने म्हणून बघितला नसावा. इलेक्ट्रॉनला 'विजाणू' हा चांगला सुटसुटीत शब्द होता, त्यावरून काहीतरी करता आलं असतं, पण यांनी विजेचा अणू उलटा टांगला आणि अणूची वीज करून ठेवली. त्यापेक्षा सरळ इलेक्ट्रॉनिक्स म्हणा. रेल्वे म्हणतो, स्टेशन म्हणतो, तसंच.

झालं. आता शॉक.

पेपरात रोज एक बातमी असते, 'विजेचा धक्का लागून शेतकऱ्याचा मृत्यू', 'विजेचा धक्का लागून दोघे भाऊ ठार', आणि दर वेळी माझं डोकं उठतं. अहो, धक्का लागतो तो दादरला लोकलमधून उतरताना. मागच्याचा धक्का लागला, त्याने सॉरी म्हटलं, विषय संपला. माणूस हादरतो तेव्हा धक्का 'बसतो'. नोकरी गेल्याचा धक्का बसतो, निकालाचा धक्का बसतो, आणि विजेचा धक्कासुद्धा बसतोच. 'विजेचा धक्का लागून' म्हटलं की मला विजेचा खांब गर्दीतून चालताना कुणाच्या खांद्याला घासून गेल्यासारखं वाटतं. (भाऊचा धक्का निराळा, तो ना लागतो ना बसतो, तिथे बोट लागते.)

हे होतं कशामुळे? सबएडिटरच्या कानात असतं 'शॉक लागून', जे अगदी बरोबर मराठी आहे. शॉक हा इंग्रजी शब्द छापायची लाज वाटते म्हणून तो काढून धक्का घालतात आणि क्रियापद तसंच ठेवतात. नाम बदललं की क्रियापदही बदलावं लागतं हे विसरतात.

आणि यावर शुद्ध मराठीवाले काय म्हणतात, तर 'शॉक लागला', 'करंट लागला' हीच मुळात हिंदीची उसनवारी, 'करंट लग गया' वरून आलेली, म्हणून टाकून द्या. एक गृहस्थ तर दर वेळी हे ठासून सांगतात. त्यांना माझा प्रश्न आहे की मग तहान लागते, धाप लागते, उचकी लागते, नजर लागते, ठेच लागते, हे पण हिंदीतून आलं का? लागणे आपलं घरचं आहे. हिंदीचा वास येतोच असेल तर तो यांच्याच आवडत्या 'धक्का लागून' ला येतो, कारण हिंदीत धक्का दोन्ही अर्थांनी 'लगता' आहे, आपण मात्र दोन क्रियापदं वेगळी ठेवलीत. म्हणजे उसनवारी पकडायला निघालेल्यांच्याच खिशात ती सापडली.

नियम साधा आहे. वस्तू येऊन भिडली तर ती लागते, तिचा तडाखा जाणवला तर तो बसतो. दगड लागतो, दगडाचा मार बसतो. गोळी लागते, पण चपराक बसते आणि फटका बसतो. तसंच करंट लागतो, करंटचा झटका बसतो. मराठी माणसाने 'शॉक' हा शब्द घेतला तो करंटच्या जागी, जणू वायरीत शॉक नावाची वस्तू भरलेली आहे, म्हणून तर आपण 'त्या कूलरला शॉक आहे' म्हणतो, 'नळाला शॉक येतोय' म्हणतो, जे कुठल्याही इंग्रजाला कळणार नाही. म्हणून शॉक लागतो. आणि लाईट बिल बघून जो येतो तो मनाचा हादरा, तो बसतो. 'बिल बघून शॉक लागला' कुणी म्हणत नाही, म्हणालाच तर बिल ओलं होतं का विचारा.

पण मला यात खरी मजा वाटते ती लागणेच्या मुळाची. धातू लग्, म्हणजे चिकटणे. त्याचं भूतकाळी विशेषण लग्न, चिकटलेलं, प्राकृतात लग्ग, आणि त्यावरून आपलं लागणे. लगत, लगेच, लगट, लागण, सगळी याच घरातली. (लगाम नाही, तो फारसी. आणि लग्न म्हणजे दोन जीव चिकटले असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेही सोडा, लग्न ही पूर्व क्षितिजाला लागलेली रास, तिच्यावरून मुहूर्त आणि मुहूर्तावरून समारंभ.) आता करंट काय करतो बघा. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० हेलकावे (यालाच एसी म्हणतात). अंगातून साधारण एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, करंट गेला तर नुसत्या मुंग्या येतात, दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात, आणि मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा जोरदार असल्यामुळे वायर तळहातात असेल तर मूठ तिच्यावरच आवळली जाते. माणसाला सोडायचं असतं, हात सोडत नाही. बघणारे काय म्हणतात? 'चिकटला.' 'वायरीनं धरलं.' आणि त्याला सोडवायला कुणी उघड्या हाताने गेला तर त्यालाही लागतो, म्हणजे लागण झाली. कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला की एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशीच, एकामागून एक धरायला गेलेली. (आधी मेन स्विच पाडा, तो लांब असेल तर कोरडी काठी घेऊन बाजूला ढकला, पण हात लावू नका.) पाणिनीच्या काळी वायरी नव्हत्या हे मलाही माहितीये, पण धातू असा चपखल बसलाय की ज्याने पहिल्यांदा 'करंट लागला' म्हटलं त्याने बोटांनी व्याकरण केलं असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

त्याहून पुढची गंमत. इलेक्ट्रिकल काय आणि इलेक्ट्रॉनिक्स काय, दोन्हींच्या पोटात ग्रीक इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे अंबर नावाचा तो पिवळसर, झाडाच्या चिकाचा झालेला खडा. तो घासला की काड्या येऊन चिकटतात. गिल्बर्टने १६०० साली लॅटिनमध्ये त्यावरून 'इलेक्ट्रिक' चं विशेषण केलं, आणि १८९१ मध्ये स्टोनीने विजेच्या सगळ्यात लहान मात्रेला इलेक्ट्रॉन म्हटलं. म्हणजे मामा अगदीच चुकीचे नाहीत, आजी दोघांची एकच. आपल्याकडे त्याच खड्याला तृणमणी म्हणतात, गवत ओढणारा मणी. फारसीत काहरुबा, काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे पळवणारा, आणि हाच काडीचोर अरबीत गेला आणि आज तिकडे विजेचं नाव कहरबा आहे. दुबईत नोकरीला असलेल्यांनी बिलावर हा शब्द बघितला असेल. म्हणजे ग्रीकवरून आलेल्या इंग्रजीत काय आणि अरबीत काय, विजेच्या नावामागे काय आहे, तर काडी येऊन लागते. आपल्या विद्युतला मात्र चमकणं दिसलं, कारण आपण आभाळाकडून सुरुवात केली.

आता 'बसतो' कुठे? तर इथे शेतकरी सगळ्या समित्यांच्या पुढे आहे. रानडुकरं शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणाला जे लावतात त्याचं नाव 'झटका मशीन'. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची पाटी, आणि आतलं सर्किट साधारण सेकंदाला एक असा काही हजार व्होल्टचा ठोका तारेत सोडतं, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच टिकतो. जनावराला झटका बसतो, ते मागे उडतं, पळतं, जिवंत राहतं. आणि जे बेकायदा, थेट लाईनवरून आकडा टाकून कुंपणात करतात त्याला गावात 'झटका' कुणी म्हणत नाही, त्याला म्हणतात 'करंट सोडलाय'. तो बसत नाही, लागतो, धरून ठेवतो आणि मारतो, डुकराला आणि रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही. व्होल्ट जास्त तिथे जीव वाचतो आणि २३० मध्ये जातो, याचं कोडं ज्यांना पडतं त्यांना ही दोन क्रियापदं समजावून सांगा. इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकलमधला फरक मला इतका नेमका कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही: पहिल्याचा बसतो, दुसऱ्याचा लागतो.

अर्थात याचा अर्थ इलेक्ट्रॉनिक्समध्ये धोका नाही असा काढू नका, हा समज घेऊन फार जण मायक्रोवेव्ह उघडतात. त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग, पंख्यातला कंडेन्सर तोच) दोन हजार व्होल्टच्या घरात भरलेला असतो आणि प्लग काढला म्हणून तो रिकामा होतोच असं नाही. साध्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्येसुद्धा २३० चं सरळ करून सव्वातीनशे व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) साठवलेलं असतं. हा झटका एकदाच बसतो, पण कसा बसतो ते मेकॅनिकला विचारा, हातातला स्क्रूड्रायव्हर खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. 'एसी ओढतं, डीसी फेकतं' असं वर्कशॉपमध्ये जे म्हणतात ते शास्त्र म्हणून ढोबळ आहे, डीसीची चालू लाईन हातात आली तर तीही सोडत नाही, पण कपॅसिटरच्या बाबतीत ते अनुभवाचे बोल आहेत. आणि दोन पिनच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला की जी बारीक खरखर जाणवते, तिला लागतोही म्हणू नका आणि बसतोही म्हणू नका. आमच्याकडे त्याला 'झिणझिण्या येतात' म्हणतात, तेवढं पुरे.

राहता राहिला 'इलेक्ट्रोक्यूट'. हल्ली मराठी पोरं इंग्रजीत सांगतात की काल मी इलेक्ट्रोक्यूट झालो, आणि त्यांच्या टीचरसुद्धा मान डोलावतात. हा शब्द इलेक्ट्रो आणि एक्झिक्यूट यांची जोडाजोड आहे, अमेरिकेत विजेच्या खुर्चीने देहदंड द्यायचा कायदा झाला त्या गडबडीत बनलेला, आणि त्या खुर्चीवर पहिला माणूस बसवला १८९० मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या तुरुंगात. म्हणजे त्यात मरण आधीपासून धरलेलं आहे, वाचलेल्याने तो स्वतःबद्दल वापरायचा नाही. मराठीत ही भानगड नाही. 'करंट लागला' म्हटलं की ऐकणारा थांबतो आणि विचारतो, "मग?" आणि पुढे 'वाचला' का 'गेला' ते वेगळं सांगावं लागतं.