मेक्सिकोतल्या मेरिदाहून किनाऱ्यावरच्या सेलेस्तुनला एका दिवसासाठी खाजगी गाईड घ्यावा का?

चौघं असाल तर खुशाल घ्या; एकटे असाल तर बस पुरते. अंतर जेमतेम 100 किलोमीटर, पण बस थांबत थांबत दोन तासांहून जास्त घेते. खाजगी गाडीचा खरा फायदा म्हणजे पहाटे निघता येतं. तिथल्या खाडीतले फ्लेमिंगो होडीतून सकाळीच बघावेत, दुपारी वारा सुटला की होडीत नुसते हेलकावे.

ठरवताना एकच विचारा: होडीचं भाडं धरलंय का? ते बहुधा माणशी नसून अख्ख्या होडीचं असतं आणि खिशाला तेच लागतं. नावाड्याला आधीच बजावा, पक्षी उडवायला जवळ जायचं नाही. खारफुटीच्या बोगद्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं. घाण नाही ती, मुळं-पानांचा रंग उतरलेला असतो.

नोव्हेंबर ते मार्च जा. उन्हाळ्यात बरेचसे फ्लेमिंगो विणीसाठी रिओ लागार्तोस या दुसऱ्या किनारी गावाकडे जातात.

जेवण किनाऱ्यावरच: तळलेला मासा, खेकडा, ऑक्टोपस. शाकाहारी असाल तर घेवड्याची उसळ मागवतानाही ‘सिन मान्तेका’ (चरबी नको) म्हणा, तिच्यात डुकराची चरबी असू शकते. आणि रोख पेसो जवळ असू द्या.