शेवळं खाल्ली आणि घसा खाजला!

प्रश्न : ताई, पहिल्या पावसात स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी दिसली म्हणून हौसेने जुडी आणली, व्हिडिओ बघून भाजी केली आणि घरात सगळ्यांचे घसे खाजायला लागले. सासूबाई म्हणतात काकडं (आंबट रानफळं) घातली नाहीस म्हणून झालं. मिस्टर म्हणतात असलं जंगली काही आणूच नकोस, पालक आण गप. रानभाज्या खरंच हेल्दी असतात की नुसतं फॅड आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना फुल मार्क! शेवळं म्हणजे सुरणाच्या भाऊबंदांतलंच झाड, दोघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खाज. पुढच्या वेळी हाताला तेल लावून वरचं आवरण सोला, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाका (बहुतेक व्हिडिओवाले इथेच घाई करतात), उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता, मग काकडं वाटून गाळलेला आंबट रस घालून नीट शिजू द्या. काकडं शेवळं विकणाऱ्या मावशींकडेच मिळतात, नाहीच मिळाली तर चिंचेचा कोळ. सोडे (सुकवलेली कोलंबी) घातले तर मग काय बोलायलाच नको.

आता मिस्टरांचा पालक. ऑक्झलेट पालकातही भरपूर असतं हो, फक्त तो घशाला टोचत नाही म्हणून कुणी त्याला जंगली म्हणत नाही. आणि भर पावसात पालेभाजी चिखलाने भरलेली, सडकी आणि वर महाग. त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या कुणी न पेरता, खत-औषध न मारता उगवतात. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका पहाटे खुडून लोकलने आणतात, चार पैसे थेट त्यांच्या हातात जातात. मला तरी हे फॅड वाटत नाही, पण रानभाजीने शुगर जाते, कॅन्सर बरा होतो असले फॉरवर्ड मात्र डिलीट करा.

एक गोष्ट मात्र खटकते. आपण शेवळं म्हणून खातो तो फुलोरा, पान नंतर येतं. म्हणजे जेवढे फुलोरे खुडले तेवढं बी कमी. कंद जमिनीत राहतो म्हणून झाड लगेच मरत नाही, पण हल्ली सगळ्यांनाच शेवळं हवी झालीत. त्यामुळे सीझनला एक-दोन जुड्या पुरे, फ्रीजर भरून ठेवू नका. स्वतः रानात जाऊन खुडायला तर अजिबात जाऊ नका, ओळख चुकली तर महागात पडेल, आणि रस्त्याकडेच्या गटाराजवळचा टाकळा कितीही कोवळा दिसला तरी नको.

कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टच्या सुमाराला असतात तिथे चक्कर मारा, शेवळं तोवर संपलेली असतात पण बाकी बरंच बघायला मिळतं. आणि घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही ऑक्झलेटवाली शेवळं देऊ नका, त्यांच्यासाठी करटोली (रानकारली) आणा, श्रावणात येतीलच.