प्रकाशाला वस्तुमान नसताना तो सूक्ष्म कणांना कसा ढकलू शकतो?

वस्तुमान नसले तरी प्रकाशाला संवेग असतो, आणि कणावरून परावर्तित होताना किंवा त्यातून वाकून जाताना हा संवेग जितका बदलतो, तितकाच उलट दिशेने कणाला मिळतो. १ मिलिवॉटचा झोत पूर्ण शोषला गेला तरी बल जेमतेम ३.३ पिकोन्यूटन (एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) भरते; तळहाताला ते जाणवणार नाही, पण पाण्यात तरंगणाऱ्या मायक्रोमीटरभर मण्याला पुरते. खरी गंमत पारदर्शक मण्यात आहे: भिंगाने एकवटलेल्या लेसरच्या मध्यापासून काचेचा मणी किंचित बाजूला सरकला, की मधले तेजस्वी किरण बाहेरच्या बाजूला वाकतात आणि त्या बदल्यात मण्याला पुन्हा मध्याकडे ओढतात. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर ॲश्किन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच झोताचा असा ‘चिमटा’ करून दाखवला.